टोमेकला पगार कोण देतं?

यान कोमासाचा 'द हेटर' हा पोलिश सिनेमा 6 मार्च 2020 रोजी पोलंडमध्ये प्रदर्शित झाला आणि आठवड्याभरातच करोनामुळे तिथली चित्रपटगृहं बंद पडली. जुलैअखेरीस तो नेटफ्लिक्सवर आला, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी ट्रायबेका महोत्सवात आंतरराष्ट्रीय कथापटांमध्ये तो सर्वोत्कृष्ट ठरला. कोमासाचा त्याआधीचा 'कॉर्पस क्रिस्टी' ऑस्करच्या अंतिम पाचांत होता आणि तीही तोतयाचीच गोष्ट होती : सुधारगृहातून सुटलेला एक मुलगा खेड्यात पाद्री म्हणून वावरू लागतो. दोन्हींची पटकथा मातेउश पात्सेविच यांची.

'द हेटर'चा नायक टोमेक खेड्यातून वॉर्सा विद्यापीठात कायदा शिकायला आलेला. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून दिल्याबद्दल त्याला सुरुवातीलाच काढून टाकतात. क्रासुत्स्की नावाचं एक श्रीमंत, सुशिक्षित, उदारमतवादी कुटुंब त्याच्या शिक्षणाला मदत करत असतं. सुट्टीत ते त्याच्या गावी जात, तिथली ही ओळख. विद्यापीठातून काढल्याचं तो त्यांना सांगत नाही. त्यांच्याकडे जेवायला जातो, निघताना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून मुद्दाम तिथेच विसरतो आणि आपल्या माघारी झालेलं बोलणं ऐकतो. ती सगळी त्याला हसलेली असतात. त्याचा जिच्यावर जीव आहे ती त्यांची मुलगी गाबीसुद्धा. पुढे तो एका पीआर कंपनीत लागतो. पैसे घेऊन लोकांना इंटरनेटवर बदनाम करणं हे तिथलं काम. वॉर्साच्या महापौरपदासाठी उभे असलेले रुदनित्स्की हे त्याचं सर्वांत मोठं लक्ष्य. आणि क्रासुत्स्की कुटुंब त्यांचंच समर्थक.

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली केली. माझा भाचा माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला गेला आणि आता डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. सिनेमा आम्ही एकत्र पाहिला. त्यानंतरचं आमचं बोलणं मी जमेल तेवढं जसंच्या तसं लिहिते आहे, कारण आमचं एकमत झालं नाही आणि ते न होणं मला महत्त्वाचं वाटतं.

भाचा : आत्या, ते जेवणाचं दृश्य मी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. ते लोक त्याच्याशी किती गोड बोलतात! कुणी आवाज चढवत नाही, कुणी पाणउतारा करत नाही. 'अभ्यास कसा चाललाय', 'आई-वडील बरे आहेत ना'. आणि तो गेल्यावर हसतात. पुण्यात पहिल्या वर्षी माझ्या रूमवरच्या मुलांच्या घरी मी जेवायला जायचो, तेव्हा असं हसू मी ऐकलंय. समोर कुणी हसत नाही. आपण जिन्यात पोचलो की दाराआडून येतं.

मी : ऐकलंस, मान्य. त्यावर तू काय केलंस?

भाचा : काही नाही. पण विसरलोही नाही. टोमेकला ते विसरता आलं नाही एवढंच मला कळतं. ही माणसं त्याला पैसे देतात आणि त्या पैशांबरोबर त्याला हसायचा हक्कही विकत घेतात. सिनेमाचं खरं बोट तिथे आहे. तू म्हणशील की हा खुनाचा सिनेमा आहे. मला तो दाराचा सिनेमा वाटला. एक दार या मुलासाठी अर्धंच उघडतात, आणि तो आयुष्यभर त्या फटीत उभा राहतो.

मी : तू दृश्यांचा क्रम विसरतोयस. त्याला हसण्याआधी त्याने चोरी केलेली आहे. दिग्दर्शकाने ते दृश्य सुरुवातीला उगाच ठेवलेलं नाही. विद्यापीठातल्या समितीसमोर तो बसलाय, पुरावा समोर आहे, आणि तो सारवासारव करतोय. त्या वेळी त्याचा कोणी अपमान केलेला नव्हता. त्यानंतर काढून टाकल्याचं लपवून तो त्याच कुटुंबाच्या टेबलाशी जाऊन बसतो. अपमानामुळे माणूस खोटा झाला असं तुला म्हणायचं असेल, तर या मुलाच्या बाबतीत ते जुळत नाही. खोटेपणा आधीपासून होता.

भाचा : आणि रेकॉर्डिंग? जो माणूस एखाद्या घरात खरंच आपलं म्हणून वावरतो, तो तिथे मोबाइल लावून जातो का? त्याला आधीच माहीत होतं आपल्यामागे काय बोलतात ते. फक्त पुरावा हवा होता.

मी : दुसऱ्याच्या घरात चोरून ऐकणाऱ्याला जे ऐकू येतं, ते त्याने शोधूनच आणलेलं असतं. घरोघर माणसं पाहुण्यामागे बरंवाईट बोलतात. तू माझ्याबद्दल बोलला असशील, मी तुझ्या बापाबद्दल बोलले असेन. त्याला उद्धटपणा म्हणावं, कोतेपणा म्हणावं. गुन्हा म्हणता येणार नाही, आणि पुढे जे घडतं त्याचं मूळ तर नाहीच नाही.

*

इथे आम्ही अडलो आणि बराच वेळ अडूनच राहिलो. भाच्याला क्रासुत्स्की कुटुंब दोषी दिसतं, मला ते कमकुवत दिसतं. दानुता स्तेन्का या जाणत्या अभिनेत्रीने त्या घरची आई, झोफिया, अशी उभी केली आहे की तिच्या चांगुलपणात खोट काढता येत नाही आणि तिच्याजवळ जाताही येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. उदारमतवादी घराला ढोंगी दाखवणं दिग्दर्शकाला सोपं जातं, आणि ते पाहताना प्रेक्षकाच्या मनात नकळत एक हिशेब सुरू होतो : यांनीही थोडं ओढवून घेतलंच की. ज्या घरावर पुढे गोळ्या झेलायची पाळी येते, त्यांच्या बाबतीत हा हिशेब मला मान्य नाही.

मग बोलणं कंपनीकडे वळलं, आणि तिथे भाचा माझ्यापेक्षा जास्त जाणत होता.

*

भाचा : त्याचं पहिलं मोठं काम आठवतं? फिटनेसचे व्हिडिओ करणारी ती बाई हळद घातलेलं पेय विकत असते. टोमेक तिच्याबद्दल खोटं पसरवतो, आणि तिचा धंदा आणि नाव दोन्ही धुळीला मिळतं. आमच्या ऑफिसातल्यांना ते दृश्य दाखवलं तर कुणाला नवल वाटणार नाही. काही खोटी प्रोफाइलं, एक एडिट केलेला फोटो, 'मलाही असंच झालं' अशा दहा-बारा कॉमेंट. पुढचं खरी माणसं करतात. आपण फक्त काडी लावायची.

मी : तू लावली आहेस?

भाचा : नाही. पण मला विचारलेलं आहे. निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराचा माणूस आला होता, त्याला विरोधकाच्या पेजवर शिव्या घालायला शंभर आयडी हवे होते. मी नको म्हटलं. त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं, आणि ज्याने केलं तो माझ्यासारखाच होता. गावाकडून आलेला, फ्लॅट तिघांत वाटून घेतलेला, महिनाअखेर ओढाताण. त्याला त्या विरोधकाबद्दल काडीचा राग नव्हता. त्याला तो माणूस माहीतसुद्धा नव्हता.

मी : हे तू सांगितलंस ते मला त्या जेवणाच्या दृश्यापेक्षा मोठं वाटतं.

भाचा : कसं काय?

मी : अरे, राग नसतानाही तेच काम होत असेल, तर रागाची चौकशी करून काय हाती लागणार? तू टोमेकच्या जखमेकडे बघतोयस. मी त्याच्या नियुक्तिपत्राकडे बघते. त्याला हसणारं घर नसतं, तो खाऊनपिऊन सुखी घरचा असता, तरी ती कंपनी कुणाला तरी नोकरीवर ठेवणारच होती. बेआता नावाची ती मालकीण आठव. आगाता कुलेशाने ती भूमिका केलीय, 'इडा' या सिनेमातली. ती कुणाचा द्वेष करत नाही. ती काम वाटून देते आणि काम झालं का विचारते.

भाचा : हे खरंही आहे बरं का, नुसतं सिनेमातलं नाही. पोलंडमध्येच 2019 साली एका महिला पत्रकाराने व्रोत्सवाफच्या अशाच एका कंपनीत नाव लपवून सहा महिने नोकरी केली आणि मग सगळं छापलं. एकेक कर्मचारी कितीतरी खोटी खाती चालवायचा. काही खाती डाव्या विचारांची, काही उजव्या. दोन्ही एकाच कंपनीची. आणि तिथले कितीतरी कर्मचारी अपंग होते. त्यांना कामावर ठेवलं म्हणून कंपनीला सरकारी अनुदान मिळायचं. सिनेमाचं चित्रीकरण हे छापून येण्याच्या आधीच संपलं होतं.

मी : घरात अडकलेली, दुसरं काम न मिळणारी माणसं. त्यांच्या हाताने शिव्या टाइप करून घ्यायच्या. तू मला द्वेषाचं मूळ अपमानात दाखवत होतास, आणि इथे ते गरजेत निघालं. माझ्या मते गरजही त्याचं मूळ नव्हे. ती गरज भाड्याने घेणारा जो आहे, त्याच्याकडे बघ.

भाचा : दोन्ही बाजूंची खाती चालवण्याचं तुला नवल वाटलं नाही?

मी : नाही वाटलं, कारण ह्यूस्टनचं प्रकरण मी वाचलं होतं. 21 मे 2016 रोजी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव आमनेसामने आले. एक इस्लामच्या विरोधात, दुसरा बाजूने. दोन्हींना फेसबुकवरून बोलावणारी पानं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच संस्थेची होती. पुढच्या वर्षी अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की या सगळ्याला सुमारे 200 डॉलर खर्च आला. रस्त्यावर ओरडणारी माणसं मात्र खरी होती, दोन्हीकडची. घरून निघताना कुणी मुलांना शेजाऱ्यांकडे सोडलं असेल, कुणी पाण्याची बाटली घेतली असेल. आपल्याला कुणीतरी बोलावलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

*

टोमेक हेच करतो. रुदनित्स्कीच्या प्रचारात स्वयंसेवक म्हणून शिरतो, त्याच्या विश्वासातला होतो आणि रात्री त्याच्याविरुद्ध लोक पेटवतो. यात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलं ते गुझेकचं प्रकरण. गुझेक हा एकटा पडलेला तरुण, दिवसभर कॉम्प्युटरवर खेळणारा, परक्यांच्या आणि निर्वासितांच्या रागाने भरलेला. टोमेक त्याला एका ऑनलाइन खेळात गाठतो. तिथे दोघांची दोन चित्ररूपं एका काल्पनिक भूमीत भेटतात, बोलतात, आणि गुझेकला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ऐकून घेतं. तो ऐकून घेणारा त्याला बंदुकीपर्यंत नेतो. प्रचाराच्या कार्यक्रमात गोळीबार होतो, रुदनित्स्की मारला जातो, आणि हल्लेखोराला रोखणारा वीर म्हणून टोमेकचंच नाव होतं.

*

भाचा : गुझेक आणि टोमेक एकच आहेत, आत्या. दोघांना कुणी जवळ केलेलं नाही. फरक एवढाच की टोमेकला भाषा येते.

मी : एवढाच फरक खूप मोठा असतो. कायद्यात अपप्रेरणा म्हणून एक गुन्हा आहे. आधी दंडसंहितेत 107 व्या कलमात होता, आता न्याय संहितेत 45 व्यात. दुसऱ्याकडून गुन्हा करवून घेणाऱ्याचा तो गुन्हा. माझ्या उमेदवारीच्या काळात मला वाटायचं की हे कलम जमीनजुमल्याच्या मारामाऱ्यांपुरतं आहे : भाऊ भावाला म्हणतो, 'घाल कुऱ्हाड'. सिनेमा पाहताना जाणवलं की यापेक्षा शुद्ध उदाहरण नाही. टोमेक गुझेकला हुकूम देत नाही. त्याला मैत्री देतो. साक्षीदार कुठून आणणार? दोघेही खेळातल्या नावांनी बोलतात.

भाचा : मग तू मघापासून ज्या कंपनीच्या मागे लागलीयस, तिने तर खून करायला सांगितलेलाच नव्हता! बेआताने बदनामी मागितली होती. खून टोमेकचा स्वतःचा. तिथे पगार संपतो आणि अपमान सुरू होतो. आता बोल.

हा मुद्दा त्याने बरोबर पकडला होता आणि मला त्यावर थांबून विचार करावा लागला.

मी : ठीक. खून त्याचा. पण गुझेक त्याला सापडला कुठे? काम करताना सापडला. रुदनित्स्कीवर कोण चिडलंय, कोण किती चिडलंय, कुणाला बोलतं करता येईल, याची यादी काढणं हे त्याचं ऑफिसचं काम होतं. माणसाच्या मनातला राग मोजायचं यंत्र त्याच्या हातात कुणी दिलं? ते हातात नसतं तर हा मुलगा क्रासुत्स्कींचा राग मनात ठेवून कुठेतरी कारकून झाला असता आणि म्हातारपणी बायकोला तेच गाऱ्हाणं सांगत बसला असता.

भाचा : आणि तरीही मला तुझी एक गोष्ट पटत नाही. तू सगळं पैसे देणाऱ्यावर ढकलतेस. पोलंडमध्येच, ग्दान्स्कला काय झालं? पावेल आदामोविच 1998 पासून तिथले महापौर. 13 जानेवारी 2019 ला धर्मादाय निधीच्या कार्यक्रमात, हजारो लोकांसमोर, मंचावर चढून एकाने त्यांना भोसकलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. या सिनेमाचं चित्रीकरण संपून काही आठवडेच झाले होते. तो मारेकरी नुकताच तुरुंगातून सुटला होता, बँका लुटल्याची शिक्षा भोगून. मंचावरून तो माइकवर बोलला की अमुक पक्षाने मला तुरुंगात घातलं म्हणून हा मेला. त्याच्यामागे कुणी टोमेक नव्हता. कुणी बेआता नव्हती. मग कंपनी कुठे गेली?

मी : तिथे मला सिनेमाची उणीव दिसते, तुझ्या म्हणण्याची नाही. कोमासाने एक सूत्रधार दिला आणि आपली सोय केली. प्रेक्षक घरी जाताना म्हणतो, बाप रे, काय डोकं त्या पोराचं. ग्दान्स्कला असं म्हणायची सोय नव्हती. पण तिथली हवा आपोआप बिघडलेली नव्हती. 2017 च्या उन्हाळ्यात पोलंडमधल्या अकरा महापौरांनी स्थलांतरितांना सामावून घेण्याच्या बाजूने जाहीरनामा काढला. आदामोविच त्यांत होते. त्यावर एका कडव्या उजव्या युवक संघटनेने त्या अकराही जणांच्या नावे 'राजकीय मृत्यूचे दाखले' काढून पसरवले. मृत्यूचा दाखला, नाव घालून. दीड वर्षाने त्यांतला एक खरोखर मारला गेला. मारेकऱ्याने तो दाखला पाहिला होता असा पुरावा नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही.

भाचा : मग तू काय म्हणतेस?

मी : म्हणते की पोलंडला हे नवं नाही, आणि इंटरनेटमुळे आलेलंही नाही. 1922 च्या डिसेंबरात त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल नारुतोविच शपथविधीनंतर पाचव्या दिवशी वॉर्सातल्या चित्रप्रदर्शनात मारले गेले. मारणारा चित्रकार होता. त्याआधी उजव्या वृत्तपत्रांनी रान उठवलं होतं की हा माणूस ज्यूंच्या आणि इतर अल्पसंख्याकांच्या मतांवर निवडून आलाय, हा आमचा अध्यक्ष नव्हे. तेव्हा छापखाना होता, आता फोन आहे. छापखान्यावर निदान मालकाचं नाव असायचं. संपादकाचं नाव असायचं. दार ठोठावता यायचं. मला काळजी आहे ती या नाव पुसलं जाण्याची.

भाचा : आपल्याकडे राईनपाड्याला तर नाव पुसायचीही गरज पडली नाही. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी म्हणून गावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतला होता. मुलांना जपा, असं सांगायला तिथल्या लोकांनी केलेली ती छोटी फिल्म. त्यात दुचाकीवरून आलेला माणूस मूल उचलतो आणि शेवटी परत आणून सोडतो. शेवट कापला आणि उरलेलं पाठवलं. कोणी कापलं? का? कुणालाच माहीत नाही. मला तिथे कंपनी दाखव.

मी : नाही दाखवता येणार. राईनपाड्यापुरतं तुझं म्हणणं मी मान्य करते. 2024 साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मारणारे हात सापडले, कापणारा हात सापडला नाही, आणि कदाचित त्याला आपण काय केलं हे कळलंही नसेल. त्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असा बदल जाहीर केला. पाच गोसाव्यांचा जीव गेल्यावर.

*

यापुढे काही वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मंगळवेढ्याचे ते लोक पिढ्यान्पिढ्या गावोगाव फिरतात, त्यांच्या फिरण्यावरच त्यांचं पोट आहे. सिनेमात बाहेरचा माणूस आत शिरून आतल्यांचा घात करतो. राईनपाड्याला आतल्यांनी बाहेरच्यांचा केला. भाच्याने टोमेकची बाजू एवढी का लावून धरली होती ते मला इथे थोडं उमगलं. बाहेरून आलेला माणूस संशयित ठरतो, हे तो अंगावर वागवत असतो. पण टोमेकला त्या पाच जणांच्या रांगेत बसवायला मी तयार नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं.

*

भाचा : मग कायदा करायला हवा. खोटं पसरवलं की आत.

मी : केला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम. त्याचा वापर कुणावर झाला ते तुझ्या लक्षात नसेल, तू तेव्हा शाळेत होतास. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, आणि योग्य केलं. असा कायदा नेहमी आधी दोन मुलींच्या दारात पोचतो. शंभर आयडी पुरवणाऱ्याकडे पोचायला त्याला कुणाची तरी परवानगी लागते.

भाचा : म्हणजे काहीच करायचं नाही?

मी : बोलणाऱ्याच्या मागे लागू नये, पैशाच्या मागे लागावं. निवडणूक आयोगाचं 25 ऑक्टोबर 2013 चं परिपत्रक आहे. उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरची खाती प्रतिज्ञापत्रात द्यायची. जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यायची. आणि हे नीट ऐक : ती खाती चालवणाऱ्या माणसांचा पगारसुद्धा निवडणूक खर्चात दाखवायचा. म्हणजे टोमेकचा पगार लिहायची वही आपल्याकडे 2013 पासून आहे. तुझ्याकडे शंभर आयडी मागायला आलेल्या त्या माणसाचा खर्च त्या वहीत कुठे असेल?

भाचा : कुठेच नसेल. रोख देतात. नाहीतर मंडपवाल्याच्या बिलात घालतात.

मी : मग चौकशी मंडपवाल्याच्या बिलाची करायला हवी. टोमेकच्या लहानपणाची चौकशी कादंबरीकाराने करावी.

भाचा : तू त्याला माफ करत नाहीस.

मी : नाही. आणि त्याच्या मालकाला तर त्याहून नाही. तू?

भाचा : माफ मीही करत नाही. पण शेवटी क्रासुत्स्की त्याला जवळ घेतात ना, शोकात, आपल्या घरातलाच एक म्हणून, तेव्हा मला त्याच्याइतकाच त्यांचाही राग आला. हवं ते दार उघडलं, पण कधी? तो वीर झाल्यावर. खून पडल्यावर. आधी उघडलं असतं तर? तू कितीही वह्या काढ, हा प्रश्न मी सोडणार नाही.

मी : सोडू नकोस. पण त्या रात्री त्या घरात शोक करणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायला मी जाणार नाही.

*

आमचं बोलणं इथेच थांबलं. त्याचं मत त्याच्याकडे आहे, माझं माझ्याकडे.

सिनेमा प्रत्येकाने पाहावा असं मला मनापासून वाटतं. माचेय मुशाओव्स्कीने उभा केलेला टोमेक विसरता येणार नाही. दुखावलेलं, हिशेबी, एकाच वेळी कीव आणि भीती वाटायला लावणारं ते मूल. मात्र कॅमेरा सगळा वेळ त्याच्या पाठीशी असतो, आणि रुदनित्स्कीच्या बदनामीचे पैसे देणाऱ्याच्या घरात तो शिरत नाही. सिनेमाची मर्यादा म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण तीच आपल्या तपासाची आणि आपल्या कुतूहलाचीही मर्यादा आहे. हात दाखवला की आपलं समाधान होतं.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यातल्या ओंकारेश्वर पुलावर मारले गेले. त्या खुनाचा या सिनेमातल्या कंपन्यांशी किंवा इंटरनेटशी संबंध जोडायचा माझा हेतू नाही. मी त्याकडे वकील म्हणून बघते. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि इतर तिघांना पुराव्याअभावी सोडलं. निकालपत्रात न्यायालयाने नोंदवलं आहे की या गुन्ह्यामागचा मुख्य सूत्रधार दुसराच कोणीतरी आहे आणि पुणे पोलीस व सीबीआय त्याला उघडकीस आणण्यात अपयशी ठरले.